एक दुकान बरं चाललंय? मग लगेच सात टाका

तर तुमचं तालुक्याच्या गावी टीव्ही-फ्रिजचं एक दुकान आहे आन ते बरं चाललंय. हे काही खरं नाही. लग्नात सोयरे विचारतेत, ब्रांच किती? आन तुम्ही पत्रावळीकडं बघत बसता. म्हणून म्हणतो एक्सपान्शन करा. मी स्वतः दुकानदार नाही, पण मामाच्या दुकानात गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून माझ्या पाच-सहा उन्हाळी सुट्ट्या गेल्यात, एवढ्या अनुभवावर लोकं यूट्यूबवर कोर्स विकायलेत, मी तर फुकट सांगायलोय.

जागेचं असंय की लातूरला गंजगोलाईत १६ रस्ते येऊन मिळतेत आन गिऱ्हाईक आपल्या पायानं येतंय, त्यामुळं तिथं अजिबात जाऊ नका. औसा रोडला काचेची तीन मजली बिल्डिंग घ्या, भाडं असं पायजे की ऐकून वडलांचं बीपी वाढावं. आत एसी एवढा गार ठेवा की खेड्यातलं म्हातारं दारातच चपला काढून आत येईल, मग सिक्युरिटीवाला ओरडंल, "ओ बाबा, चपला घालून या!" आन बाबा बिचारा परत चपला घालून सरळ घरी जाईल. तेवढीच फरशी स्वच्छ.

माल कोणता ठेवायचा याचा विचार करत बसू नका, मुंबईवाल्यांनी केलाय की. विजय सेल्स १९६७ ला माहीमच्या छोट्या दुकानातून मोठं झालं, क्रोमानं पहिलं दुकान २००६ ला जुहूला टाकलं, तिथं जे मांडलेलं असंल तेच इथं मांडायचं. दर्शनी भागात वॉशिंग मशीन, फुल्ली ऑटोमॅटिक, फ्रंट लोड. एप्रिल २०१६ मध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर, पण ते जुनं झालं, विसरा. एखादी काकू मशीनीचं झाकण उघडून विचारंल, "नळ नसला तर बादलीनं पाणी टाकता येतंय का ओ?" तिला अॅपवरून मशीन चालू करून दाखवा. ती सेमी ऑटोमॅटिकच मागणार, कारण त्यात घरी भरून ठेवलेल्या ड्रममधलं पाणी ओतता येतं, पांढऱ्या कपड्याचं साबणपाणी रंगीत कपड्याला वापरता येतं, आन शेवटी उरलं तर मोरी धुता येते. असलं गिऱ्हाईक शोरूमचा क्लास बिघडवतंय. सेमी गोडाऊनच्या कोपऱ्यात ठेवा, वर कुलरचे खोके.

आता माणसं. जुनी माणसं काढा, पगार जास्त घेतेत. हे काही माझ्या पदरचं नाही, अमेरिकेत सर्किट सिटी नावाची टीव्ही-बिव्हीच्या दुकानांची लई मोठी साखळी होती, त्यांनी २००७ ला जास्त पगाराचे ३,४०० सेल्सवाले एका झटक्यात काढले आन स्वस्तातले भरले. २००९ ला सगळी दुकानंच बंद झाली, म्हंजे पगाराचा प्रश्न कायमचा मिटला. मामाकडं एक जण होता, तो फ्रिज विकायच्या आधी विचारायचा, "घरी व्होल्टेज किती येतंय? संध्याकाळी बल्ब पिवळा पडतोय का?" एका फ्रिजला पाऊण तास. असा माणूस स्टाफमध्ये असंल तर आजच नारळ द्या. त्याच्या जागी कंपन्यांचे प्रमोटर, म्हंजे आपल्याच कंपनीचा माल खपवणारी पोरं, उभे करा, पगार कंपनी देती, टी-शर्टपण कंपनीचा. गिऱ्हाइकानं विचारलं कोणता टीव्ही चांगला, की चार पोरं चार बाजूंनी ओढतेत आन प्रत्येकाचा चांगला. बेस्ट बाय ही अमेरिकेतलीच दुसरी तसलीच साखळी चीनमध्ये गेली तेव्हा त्यांनी हे प्रमोटर ठेवले नाहीत, स्वतःची माणसं ठेवली. लोकांनी तिथं निवांत बघितलं, बाजूच्या दुकानात स्वस्तात घेतलं, आन २०११ ला त्यांनी आपल्या नावाची नऊच्या नऊ दुकानं गुंडाळली. शहाणपणा नडला.

खरा धंदा मात्र टीव्हीचा नाहीच, फायनान्सचा आहे. समजा ३० हजाराचा टीव्ही, १२ हप्ते अडीच-अडीच हजाराचे, व्याज शून्य. फायनान्सवाला तुम्हाला देतो समजा साडेसत्तावीस. मधले अडीच हजार म्हंजे व्याजच की, फक्त ते डिस्काऊंटचं नाव घेऊन आधीच कापलेलं असतंय, वरून प्रोसेसिंग फी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ लाच बँकांना लिहून कळवलंय, पण ते तुम्ही बोर्डावर लिहू नका. रोख पैसे घेऊन आलेला माणूस म्हणंल, मग ते अडीच हजार मला कमी करा. त्याला चहा पाजा, विषय बदला.

मामाकडं लाल वही होती. "सोयाबीन झाल्यावर देतो" एवढ्यावर फ्रिज गाडीत चढायचा. ती वही काही पोथी नव्हती, निम्मे पैसे बुडले आन मामी अजून त्यावरून बोलते. पण हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला आन सोयाबीन वर्षातून एकदा, हे कोडं वहीला तरी कळत होतं. तुमच्या फायनान्सवाल्याच्या टॅबला कळायचं नाही, तो सिबिल, म्हंजे कर्जफेडीचे मार्क, बघून लाल होईल.

सरकारचीपण साथ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आन ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी २८ चा १८ झाला, ४० हजाराच्या एसीमागं ३,१२५ रुपये वाचले. नेमकं त्याच आठवड्यात मराठवाड्यात पावसानं शेतं पाण्याखाली गेली, सोयाबीन शेंगेत सडलं, हमीभाव ५,३२८ चा आन बाजारात त्याच्याही खाली. बॅनर मात्र फाट्यावर लावायलाच पायजे, "एसी घ्या, बचत करा". गुडघाभर पाण्यातून जाणाऱ्याला ते नीट वाचता येतंय, कारण तो हळू चालतो.

सात दुकानं झाली की थांबू नका. पैठण रोडला चितेगावात आपलेच व्हिडिओकॉनचे टीव्ही बनायचे, निम्म्या मराठवाड्यानं तेच बघितले. मालक तेवढ्यावर भागलं म्हणाले नाहीत, डीटीएच, मोबाईल नेटवर्क, पार परदेशातल्या तेलविहिरींपर्यंत गेले, आन २०१८ ला कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात. मन मोठं पायजे.

सर्व्हिसचं राहिलंच. ठेवू नका, टोल फ्री नंबर पुरेसा आहे. मी मागच्या दिवाळीत असल्याच एका शोरूममधून सिंगल डोअर फ्रिज घेतला, चौथ्या महिन्यात बंद. अकरा दिवस फोनवर गाणं ऐकलं. बाराव्या दिवशी मामाकडच्या त्या व्होल्टेज विचारणाऱ्या माणसाला बोलावलं, आता तो बसस्टँडमागं पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. त्यानं मागचं कव्हर काढलं, जळका रिले हातावर ठेवला, दुसरा बसवला, फ्रिज घूं करून सुरू. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "स्टॅबिलायझर कामून नाही घेतला? व्होल्टेज विचारलं नाही का कुणी?"

म्हणलं नाही, ईएमआय किती महिन्याचा पायजे एवढंच विचारलं.

तुमच्या आठव्या दुकानात त्याला घ्यायचा विचार करू नका. येणारपण नाही. त्याच्या शेडपुढं तुम्हीच विकलेले फ्रिज रांगेत उभे असतेत.