1 स्टारला उत्तर: दोन तास नाही, 41 मिनिटं

नमस्कार. परवा रविवारी तुम्ही आमच्याकडे फोंड्याला येऊन गेलात आणि रात्री रिव्ह्यू टाकलात. "गेमिंग कॅफे म्हणतात आणि चालायचे पैसे घेतात. दोन तास नुसता चाललो, एक गोळी नाही, एक शत्रू नाही, माणूस म्हशीच्या चालीने चालतो. असले गेम खेळतं कोण? काउंटरवरच्या बाईला गेममधलं काही कळत नाही, रिफंड मागितला तर लेक्चर दिलं." 1 स्टार.

आधी सॉरी. मनापासून. पावसातून आलात आणि तुमचा रविवार फुकट गेला असं तुम्हाला वाटलं त्याचं मला खरंच वाईट वाटलं, आणि त्यात एक चूक सरळ माझी आहे, ती सांगतेच. पण काउंटरवरची बाई म्हणजे मीच, आणि दुकानाची मालक पण मीच, आणि रविवारचे 4 ते 6 गोष्टीचे गेम, म्हणजे मारामारी न करता नुसतं चालत, बघत, ऐकत गोष्ट उलगडायची असे गेम, ठेवायचं हे सुद्धा मीच ठरवलं, कारण मला ते आवडतात आणि मी ते सगळे शेवटपर्यंत खेळले आहेत.

माझी चूक अशी. तुम्हाला लावून दिला तो 'एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर'. त्यात कंट्रोलरवरचं आर2 बटण दाबून धरलं की माणूस हळूहळू जोरात चालायला लागतो, पण गेम स्वतः हे कुठे सांगतच नाही. 2015 ला पीएस4 (प्लेस्टेशन 4) कन्सोलवर आला तेव्हा पण लोकांची हीच बोंब होती, मग बनवणाऱ्यांनी सांगितलं की बटण आहे म्हणून. मी सगळ्यांना सुरुवातीलाच सांगते. त्या दिवशी सांगायचं राहिलं कारण तुम्ही आलात तेव्हा बाकीच्यांचं सुरू झालेलं आणि मी घाईघाईत हेडसेट देऊन गेले. म्हशीची चाल मान्य.

पण "दोन तास" हे मान्य नाही. याच्यावर मी दोन रात्री झोपले नाही म्हणून लिहितेच, राग मानू नका. स्लॉट 4 चा होता. तुम्ही 4:25 ला आलात, पार्किंग मिळालं नाही म्हणालात, ठीक आहे, रविवारी आमच्या इथे तिस्काला मिळतच नाही. खुर्चीत बसून गेम सुरू झाला 4:30 ला, रजिस्टरमध्ये लिहिलंय. मग तुम्हाला फोन आला, तुम्ही व्हरांड्यात गेलात, 11 मिनिटं. मी आज सकाळी कॅमेरा लावून बघितलं, मला पण बरं वाटलं नाही असं बघायला पण तुम्ही सगळ्या जगासमोर दोन तास लिहिलंत. मग मित्र आले, त्यांच्याबरोबर समोर चहा आणि पॅटिस, 14 मिनिटं. मध्ये लाइट गेली ती 4 मिनिटं आमच्या खात्यावर धरा. 5:40 ला तुम्ही उठलात. म्हणजे 70 मधून 29 गेले, राहिले 41. त्या 41 मिनिटांत पण तुम्ही चर्चच्या वाटेवरच्या त्या उजेडाच्या गोळ्यांवरून सरळ पुढे गेलात, तिथे थांबून कंट्रोलर जरा तिरका करायचा असतो, मग गावातली हरवलेली माणसं उजेडातून बोलायला लागतात, कोण कोणाशी भांडलं, कोण कोणाला फोन करत राहिलं. इंग्लंडमधलं श्रॉपशायरचं एक गाव आहे, साल 1984, आणि गावात एकही माणूस नाही, चहाचे कप तसेच. सगळी गोष्ट त्या उजेडात आहे. मी जवळ येऊन "थोडं थांबा ना तिथे" एवढंच म्हटलं. ते लेक्चर असेल तर मग काय बोलू.

आता पैसे. इतर दिवशी तासाला 120, रविवारी गोष्टीच्या गेमला दोन तासांचे मिळून 200, त्यात कॉफी. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, दोन तासांच्या आत खेळला तर पैसे परत मिळतात हे तुम्ही काउंटरवर सांगितलंत, बरोबर आहे, विकत घेतल्यापासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर मिळतात. पण तिथे तुम्ही गेम विकत घेता, आमच्याकडे खुर्ची, टीव्ही, एसी आणि वेळ घेता, तो वेळ मी दुसऱ्याला दिला नाही ना. आणि खरं सांगायचं तर त्या दोन तासांच्या नियमाचा फटका याच गेमना जास्त बसतो, 'डिअर एस्थर' सारखा गेम दीड तासात पूर्ण संपतो, म्हणजे माणूस पूर्ण खेळून, शेवट बघून पैसे परत मागू शकतो. बनवणाऱ्याने काय खायचं? तरी मी तुम्हाला म्हटलं होतं की दुसऱ्या खोलीत एक तास फुटबॉल खेळा, वेगळे पैसे नकोत. तुम्ही हात झटकलात. हे रिव्ह्यूमध्ये नाही.

"असले गेम खेळतं कोण" याचं उत्तर मला द्यावंच लागेल. 'डिअर एस्थर' 2012 ला विकायला आला तेव्हा पहिल्या 24 तासांत 16,000 कॉपी गेल्या, त्यात तर फक्त बेटावर चालायचं आणि एका माणसाची पत्रं ऐकायची. 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' ला 2018 मध्ये बाफ्टाचा, म्हणजे ब्रिटनमधल्या मोठ्या पुरस्कारांतला, बेस्ट गेम मिळाला आणि त्या नामांकनांच्या यादीत झेल्डा आणि मारिओसारखे मोठे गेम होते. त्यात एक मासळीच्या कारखान्यातला मुलगा आहे, एका हाताने तुम्ही मासे कापत राहता आणि दुसऱ्या हाताने त्याच्या डोक्यातल्या स्वप्नातून चालता, आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की मासे आपण न बघताच कापतोय. गोळ्या मारून हे कळत नाही हो. आणि आमच्याकडचं सांगायचं तर 2023 च्या मार्चमध्ये इथे गोव्यात म्हादईच्या रानात आगी लागल्या होत्या, त्यानंतर वाळपईकडचा एक कॉलेजचा मुलगा आला आणि 'फायरवॉच' खेळला. वायोमिंगचं जंगल, 1989 चा उन्हाळा, टेहळणीच्या मनोऱ्यावर एकटा माणूस आणि वॉकी-टॉकीवर एका बाईचा आवाज, ती कधीच दिसत नाही. मुलगा खेळून झाल्यावर काही न बोलता दहा मिनिटं खुर्चीतच बसून राहिला. मी पण उठवलं नाही.

मी लहानपणापासून इथल्या फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात स्पर्धेची नाटकं बघत आले. पडदा उघडतो आणि आधी नुसती खोली दिसते, कोणी नाही, टेबल, भिंतीवरचा फोटो, उघडं पडलेलं पत्र, आणि तेवढ्यावरून आपण घर ओळखायला लागतो. मला नेहमी वाटायचं की स्टेजवर जाऊन ते पत्र वाचावं. 'गॉन होम' मध्ये पहिल्यांदा ते करायला मिळालं, रात्रीचा पाऊस, रिकामं घर, ड्रॉवर उघडा, चिठ्ठी वाचा, बहिणीचं काय झालं ते शोधा. म्हणून हा रविवार.

सगळ्यांना आवडत नाहीत हे मला माहीत आहे. माझ्या सख्ख्या भावाला आवडत नाहीत, तो म्हणतो बटणाला काम नसेल तर हातात कंट्रोलर कशाला. अशा गेमना 'वॉकिंग सिम्युलेटर' (चालण्याची नक्कल) हे नाव पण आधी लोकांनी हिणवायलाच ठेवलेलं. तुम्हाला कंटाळा आला तर आला, त्यात गुन्हा नाही, "मला आवडला नाही" लिहिलं असतं तर मी थँक यू म्हटलं असतं. पण हेडसेट काढून मोठ्याने हसलात तेव्हा पलीकडच्या खुर्चीवरच्या काकी शेवटाला आल्या होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. निवृत्त शिक्षिका आहेत, आयुष्यात पहिला कंट्रोलर त्यांनी माझ्याकडे हातात घेतला. त्या घाबरून थांबल्या आणि घरी गेल्या. मला सगळ्यात जास्त ते लागलं.

बाहेरच्या फळ्यावर "मारामारी नाही, धावाधाव नाही" असं खडूने लिहिलेलं असतं, पावसाने खालची ओळ पुसली गेली असेल, ते मी नाकारत नाही. पक्का बोर्ड करून घेते, पेंटरला सांगितलंय, चवथीच्या आधी होईल बहुतेक. आर2 ची चिठ्ठी टीव्हीखाली कालच चिकटवली. नवीन माणसाला रॅप्चर देणार नाही, तो पाच-सहा तासांचा आहे, त्यापेक्षा दोन तासांत संपणारा देऊ. पहिली पंधरा मिनिटं फुकट बघायला द्यायची का यावर भावाशी बोलणं चालू आहे, चार कन्सोलचे हप्ते आहेत, बघून ठरवते. कालपासून दोन जणांनी फोन करून "तिथे फक्त चालायचेच गेम आहेत का" असं विचारलं, म्हणून इथे लिहिते, बाकी पाच दिवस आणि दुसऱ्या खोलीत रविवारी पण फुटबॉल, रेसिंग, मारामारी सगळं असतं.

रिव्ह्यू काढा असं मी म्हणत नाही, फक्त ते दोन तास दुरुस्त करा. आणि तुमची छत्री इथेच राहिली आहे, काळी, लाकडी मुठीची. वाळवून काउंटरच्या मागे ठेवली आहे, सोमवार सोडून कधीही या, दहा ते नऊ.