विमानात इंधन भरतात म्हणजे ‘जिवंत बॉम्ब’? त्या फॉरवर्डमधला एकेक मुद्दा घेऊया

होटगी रोडच्या विमानतळावरून जून 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि तेव्हापासून आपल्या सोलापुरात प्रत्येकजण विमानाबद्दल काही ना काही पाठवत असतो, त्यात काही वाईट नाही, पण गेला महिनाभर एक मेसेज फिरतोय तो वाचून मला गप्प बसवेना. मजकूर थोडक्यात असा: “विमानात प्रवासी बसलेले असताना इंधन भरतात, म्हणजे तुम्ही जिवंत बॉम्बवर बसलेले असता. तार लावतात तो नुसता देखावा. इंधन भरायची यंत्रं 50 वर्षांपूर्वीची, नवीन शोध एकही नाही, सगळं पाइप धरणाऱ्या पोराच्या भरवशावर. सोलापूरच्या उन्हात तर विचारूच नका. आणि विमानातून काढलेलं इंधन गुपचूप दुसऱ्या विमानात ओततात. पुढे पाठवा, जीव वाचवा.”

मी 19 वर्षं मुंबईला एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर, इंधन भरायचं हेच काम केलं, आता जुळे सोलापुरात घरी असतो. माझा भाचा सध्या याच लाइनमध्ये आहे. हा मेसेज वाचून ताईने रात्री अकराला फोन केला, “त्याला परत बोलावून घेऊ का रे?” म्हणाली. म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे पेट्रोल पंपाशी तुलना. विमानात पेट्रोल नसतं हो. प्रवासी जेट आणि एटीआरसारखी टर्बोप्रॉप (पंख्याची) विमानं एटीएफ नावाच्या इंधनावर चालतात आणि एटीएफ म्हणजे रॉकेलचा सख्खा भाऊ. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपाससुद्धा ठिणगीने पेटू शकते, एटीएफचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला पेट घेईल एवढी वाफ निघायला लागते ते, कमीत कमी 38 अंश असावाच लागतो, त्याखालचा माल पासच होत नाही. प्रवासी आत असताना इंधन भरायला परवानगी आहे ती याच फरकामुळे. विमानात पेट्रोलच्या जातीचं इंधन जात असेल तर प्रवासी आत ठेवून भरायला बंदीच आहे. आणि एटीएफ असलं तरी अटी असतात, जिना किंवा एरोब्रिज लागलेला पाहिजे, दारापाशी क्रू पाहिजे, सीटबेल्ट उघडे ठेवायला सांगतात (लोकांना वाटतं विसरले, पण ते पटकन उठता यावं म्हणून असतं), खालचा माणूस आणि कॉकपिट यांचं बोलणं चालू पाहिजे. नोझल आणि टाकीच्या व्हेंटपासून (वाफ बाहेर पडायच्या भोकापासून) किमान 3 मीटरच्या घेऱ्यात मोबाईल नाही, कॅमेऱ्याचा फ्लॅश नाही, काही नाही.

आता उन्हाचा मुद्दा. मेसेजमधला हा एकच मुद्दा आहे की ज्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो नीट सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 ला सहज जातो, म्हणजे 38 च्या वर. मग एटीएफ पेट्रोलसारखं वागणार का? काही प्रमाणात हो, उन्हात तापलेल्या एटीएफवर पेट घेऊ शकेल अशी वाफ जमू शकते, हे नाकारून चालणार नाही. आणि दुसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते, फवारा उडाला तर फ्लॅश पॉइंटचा हिशोबच राहत नाही, बारीक धुक्यासारखे थेंब थंडीतसुद्धा पेटतात. मोठ्या विमानाला एका होजमधून (इंधनाच्या पाइपातून) मिनिटाला 1,000 लिटरच्या आसपास इंधन जातं, गाडीच्या पंपावर 35-40 लिटर, आणि नोझलपाशी दाब 50 पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक). म्हणजे धोका आहे तो गळतीचा, फवाऱ्याचा आणि ठिणगीचा. सगळी उपकरणं या तीन गोष्टींभोवतीच बनलेली आहेत, ऊन आहे हे धरूनच बनलेली आहेत. दुबई-कुवेतला आपल्यापेक्षा जास्त ऊन असतं आणि तिथेही दिवसभर विमानं भरली जातात.

“तार लावतात तो देखावा.” हे ज्याने लिहिलं त्याने एकदा अक्कलकोट रोड एमआयडीसीत कोरड्या हवेच्या दिवसात पॉलिस्टरचं सूत चालू असलेल्या मागाजवळ उभं राहावं. सूत सुताला चिकटतं, केस उभे राहतात, हात लावला की चटका बसतो. म्हणून तर विणाईच्या शेडमध्ये हवा दमट ठेवतात. इंधनाचंही तेच होतं, पाइपातून आणि विशेष करून फिल्टरमधून जोरात जाताना त्यात चार्ज तयार होतो, आणि बाउझर, म्हणजे इंधनाची टँकर गाडी, रबरी टायरवर उभा असल्यामुळे त्याला निघून जायला धड वाट नसते. ती बाँडिंगची तार बाउझर आणि विमान एका पातळीवर आणते म्हणजे दोघांमध्ये ठिणगी उडायला कारणच उरत नाही. होज लावायच्या आधी तार, आणि होज काढल्यानंतर तार, हा क्रम आम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी यायचा. पण तारेने इंधनाच्या पोटातला चार्ज लगेच जात नाही, म्हणून दुसरा उपाय निघाला, इंधनातच अगदी थोडं, लिटरमागे मिलिग्रॅमात मोजावं लागेल एवढं द्रव्य घालतात, त्याने इंधन किंचित वीजवाहक होतं आणि चार्ज वाटेतच मुरतो. जेट ए-1 मध्ये (एटीएफच्याच एका प्रकारात) ते घातलं की वाहकता 50 ते 600 पिकोसीमेन्स प्रति मीटर (वाहकता मोजायचं एकक) एवढ्यात यावी लागते आणि ती मोजतात. आमचे कपडेसुद्धा सुती असायचे, नायलॉनचं जॅकेट घालून आलेल्याला परत पाठवायचे.

आता “एकही नवीन शोध नाही, सगळं पोराच्या भरवशावर”, याचा मला खरा राग आला. कारण या लाइनमधला जवळजवळ प्रत्येक शोध माणूस चुकणार हे आधीच मान्य करून लागलाय.

डेडमन घ्या. हातात एक मूठ असते, ती दाबून धरली तरच इंधन वाहतं, सोडली की बंद. माणूस चक्कर येऊन पडला, पळाला, घाबरला तरी इंधन थांबतं. मग लोकांनी काय केलं, मूठ दोरीने बांधून ठेवायला लागले, हात दुखतो म्हणून. तर त्यावर टायमर आला, थोड्या थोड्या वेळाने मूठ सोडून परत दाबली नाही तर मशीन आपोआप बंद पडतं. बांधलेल्या मुठीचा काही उपयोगच राहिला नाही.

नोझल विमानाच्या तोंडाला फिरवून लॉक झाल्याशिवाय त्याचा व्हॉल्व्ह उघडतच नाही आणि व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय नोझल निघतच नाही. विमानाकडचं तोंड मुद्दाम एका ठिकाणी कमजोर बनवलेलं असतं, म्हणजे होज ओढला गेलाच तर ते तिथे तुटावं, पंखाची टाकी फाटू नये. टाकी ठरवलेल्या पातळीला आली की विमानातला व्हॉल्व्ह स्वतः बंद होतो.

आणि इंटरलॉक, म्हणजे काम पूर्ण झाल्याशिवाय गाडी हलू न देणारी सोय, हा मी डोळ्याने पाहिलाय. रात्रपाळी, पाऊस, दोन विमानं लेट. माझ्यासोबतच्या गड्याने कागदावर सही घेतली, धावत येऊन केबिनमध्ये बसला आणि गाडी काढायला गेला. नोझल अजून पंखालाच होता! गाडीने एक हिसका दिला आणि जागेवर थांबली, कारण नोझल त्याच्या खोबणीत परत ठेवल्याशिवाय ब्रेक सुटतच नाहीत. तो खाली उतरला, फूटबोर्डवर बसला, पाच मिनिटं एक शब्द बोलला नाही. मी त्याच्या हातात चहा दिला तर कप नुसता थरथरत होता. दुसऱ्या दिवशीपासून तो गाडीला पूर्ण फेरी मारल्याशिवाय केबिनमध्ये चढायचा नाही, रिटायर होईपर्यंत.

चुकीचं इंधन जाऊ नये याची पण सोय आहे. 1978 मध्ये अमेरिकेचे नावाजलेले पायलट बॉब हूवर यांच्या पेट्रोलवर चालणाऱ्या विमानात चुकून जेटचं इंधन भरलं गेलं, उडाल्याबरोबर दोन्ही इंजिनं गेली, कसंबसं उतरवलं, तिघेही वाचले. हूवरनी त्या भरणाऱ्या पोराला हाकलायला लावलं नाही, उलट उद्या माझं विमान तूच भर असं सांगितलं. पुढे जेट इंधनाचं नोझल चपटं आणि रुंद झालं आणि पेट्रोलच्या विमानांची तोंडं अरुंद, म्हणजे चुकीचं नोझल आत जातच नाही. आजही त्याला हूवर नोझल म्हणतात.

“50 वर्षांपूर्वीची यंत्रं” म्हणणाऱ्यांसाठी अजून एक. 13 एप्रिल 2010 ला सुराबायाहून हाँगकाँगला निघालेल्या कॅथे पॅसिफिकच्या ए330 ची दोन्ही इंजिनं बिघडली, एक तर कमी करता येईना, विमान ताशी सव्वाचारशे किलोमीटरच्या वेगाने धावपट्टीवर टेकवावं लागलं. विमानतळावरच्या इंधनाच्या पाइपलाइनमध्ये कामाच्या वेळी खारं पाणी शिरलं होतं आणि पाणी शोषणाऱ्या फिल्टरमधल्या पॉलिमरचे बारीक गोळे इंधनात उतरले होते. त्यानंतर इंडस्ट्रीने अख्ख्या जगातून त्या जातीचे फिल्टर बाद करायचं ठरवलं, त्याचं स्टँडर्ड 2020 च्या शेवटी मागे घेतलं गेलं, आणि जागी दुसऱ्या पद्धतीचे फिल्टर व पाणी पकडणारे इलेक्ट्रॉनिक सेन्सर येतायत.

तरी हाताने तपासणं सुटलेलं नाही. पहाटे काचेच्या बरणीत सँपल घ्यायचं, उजेडाकडे धरायचं, पाण्यासारखं नितळ पाहिजे, धुरकट नको. मग सिरिंजच्या टोकाला पिवळ्या कागदाची छोटी कॅप्सूल लावून 5 मिली इंधन ओढायचं. 10 लाखात 30 भाग जरी मोकळं पाणी असलं तरी पिवळा रंग हिरवा व्हायला लागतो. हिरवा झाला तर गाडी उभी, वर कोण साहेब आहे ते बघायचं नाही.

धोका कोणाला जास्त असतो हेही सांगतो. 5 सप्टेंबर 2001, डेन्व्हर, ब्रिटिश एअरवेजचं 777. इंधन भरताना पंखाखालच्या जोडणीची रिंग तुटली, फवारा उडाला, आग लागली. विमानातले सगळे सुखरूप बाहेर आले. गेला तो इंधन भरणारा. मेसेजमध्ये ज्याला “पाइप धरणारा पोरगा” म्हटलंय तो.

शेवटचा मुद्दा डिफ्युएलिंगचा, म्हणजे विमानातून इंधन काढण्याचा. विमान हँगरला दुरुस्तीला जायचं असेल, किंवा वजनाचा हिशोब बदलला असेल तर इंधन काढावं लागतं. काढलेला माल संशयित धरतात, कारण टाकीच्या तळाला पाणी आणि त्यावर वाढणारी बुरशी असू शकते. तो वेगळ्या गाडीत राहतो, तपासणी होते, आणि परत द्यायचाच तर साधारणपणे त्याच एअरलाइनच्या विमानाला, त्यांच्या संमतीने, कागदावर नोंद करून. ‘गुपचूप ओततात’ याला काही आधार नाही.

आणि टाकी रिकामी झाली की धोका संपला असं कोणाला वाटत असेल तर उलट आहे, भरलेल्या टाकीत वाफेला जागा नसते, रिकामीत असते. 17 जुलै 1996 ला न्यूयॉर्कहून उडालेलं टीडब्ल्यूए कंपनीचं 800 क्रमांकाचं विमान फुटलं, 230 माणसं गेली, ती मधली टाकी जवळजवळ रिकामी होती आणि खालच्या एसीच्या यंत्रांनी तापलेली होती. त्यावर संशोधन होऊन टाकीत नायट्रोजन सोडून ऑक्सिजन कमी करायची यंत्रणा निघाली, आणि 2008 मध्ये अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांसाठी तसा नियमच केला.

ताईला हे सगळं फोनवर सांगितलं, तिला निम्मं कळलं असेल. तिला एवढंच म्हटलं, पुढच्या वेळी विमानात बसशील तेव्हा उजव्या बाजूची खिडकी माग, एटीआरला बहुतेक त्याच बाजूने इंधन भरतात. बघ, होज गुंडाळला, नोझल खोबणीत गेलं, झाकण लागलं, आणि मग सगळ्यात शेवटी तो पोरगा परत येऊन तार काढतो.