‘ख्रिस्ती झालात ना, मग जात कसली?’ : एका मेसेजला उत्तर

गेली काही वर्षं एक मजकूर थोड्याफार फरकाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्याचा आशय असा : ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून ‘दलित ख्रिस्ती’ हा शब्दच खोटा. अनुसूचित जातीच्या सवलती हिंदू समाजातल्या अस्पृश्यतेची भरपाई म्हणून आहेत, त्या धर्म सोडलेल्याने मागू नयेत. मागणाऱ्यांना दोन्हीकडचं हवं आहे, ते खऱ्या दलितांच्या ताटातलं ओढतात, आणि मुळात आमिषाला भुलून गेलेले आहेत. हाच मजकूर आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (स्थानिक चर्चच्या) ग्रुपवरही येतो, तेव्हा शेवटी एक ओळ जोडलेली असते : चर्चने आत्म्यांच्या तारणाचं बघावं, सामाजिक न्याय हा सुवार्तेचा विषय नव्हे.

बाहेरून हिणवणारा आणि आतून गप्प करणारा, दोघेही ‘ख्रिस्ती धर्मात जात नाही’ या एकाच वाक्यावर उभे आहेत. म्हणून उत्तरही दोघांना मिळून देतो.

‘ख्रिस्ती धर्मात जात नाही.’

शास्त्रात नाही, हे मान्य. यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक), दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद ख्रिस्तात उरत नाही, असं प्रेषित पौलाने गलतीकरांस पाठवलेल्या पत्रात लिहिलं आणि आम्ही ते लहानपणापासून पाठ म्हणत आलो. पण त्याच पत्राचा दुसरा अध्याय उघडा. अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवत होता. यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसं आली, आणि त्यांच्या भीतीने पेत्र पंगतीतून उठून वेगळा बसू लागला. त्याचं बघून पौलाचा सोबती बर्णबाही उठला. पौलाने पेत्राला सगळ्यांच्या देखत तोंडावर सुनावलं. म्हणजे पंक्तिभेद खुद्द प्रेषितांच्या पिढीत घडला, आणि ‘भेद नाही’ हे वाक्य त्याच भांडणाच्या धगीत लिहिलं गेलं. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला एक जण उपाशी राहायचा आणि दुसरा पिऊन मस्त व्हायचा. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा मिळते आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला ‘तिथे उभा राहा’ म्हणून सांगितलं जातं. मंडळ्या भेदमुक्त असत्या तर ही पत्रं लिहावी लागली नसती. पौलाचं वाक्य हा मंडळीच्या स्थितीचा अहवाल नव्हता, तिच्याकडून मागितलेला जाब होता. ते अहवालासारखं वापरणं हा त्या वचनाचा दुरुपयोग आहे.

आपल्याकडे हे नवं नाही. देवाच्या दारी उच्चनीच नाही, असं संत शतकानुशतकं गात होते. तरी पंढरपूरचं दार अस्पृश्यांना उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. ‘विठ्ठलाच्या ठायी भेद नाही, मग उपोषण कशाला?’ असं त्यांना कोणी विचारलं असतं, तर ते जितकं अन्यायाचं ठरलं असतं तितकाच हा मेसेज अन्यायाचा आहे.

भारतातल्या चर्चचा इतिहास तर उघडा पडलेला आहे. सतराव्या शतकात मदुरेला रॉबर्ट दि नोबिली या जेझुइट धर्मगुरूने वरच्या जातींसाठी ब्राह्मणी रीत पाळून काम केलं, आणि पुढे तिथे खालच्या जातींसाठी वेगळे मिशनरी ठेवले गेले. तिरुनेलवेलीकडच्या वडक्कनकुलमचं चर्च दोन पंखांचं बांधलं होतं. वेदी एक, पण एका पंखात वेल्लाळ आणि दुसऱ्यात नाडार, मध्ये भिंत. ती १९१० मध्ये पाडली. तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी भिंतीने वेगळी केलेली आहेत. मार्च २००८ मध्ये तमिळनाडूतल्या एरयूरला दलित ख्रिस्त्यांनी वेगळ्या पॅरिशची (स्वतंत्र धर्मग्रामाची) मागणी केली, त्यावरून संघर्ष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं गेली. दोन्ही बाजूंना एकच ख्रिस्त मानणारे लोक होते.

हे दक्षिणेतलं, आपल्याकडे नाही, असं म्हणणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावं. बामण, चारडो, सुदिर हे जातींचे शब्द तिथल्या कॅथलिक घरांत आजही कळतात. काही गावांत कॉन्फ्रारियाचं (चर्चशी जोडलेल्या बंधुमंडळाचं) सदस्यत्व आणि फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) मान पिढ्यान्‌पिढ्या ठराविक घराण्यांकडेच राहिला. कुंकळ्ळी गावात गावकर (गावाची मूळ मानाची घराणी) आणि बाकीचे यांच्यातला वाद वर्षानुवर्षं चालला.

आणि आमच्या मराठी मंडळ्यांमध्ये? इथे वेगळे बाक नसतात, वेगळा प्याला नसतो. पण सोयरिकीच्या बोलण्यात ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हळू आवाजात येतोच. महारवाड्यातून आलेली घरं आणि मांगवाड्यातून आलेली घरं एका बाकावर बसून एकच गायन गातात, पण लग्नाचं म्हटलं की नाव-गाव तपासलं जातं. आडनावावरून अंदाज बांधणं तर सर्रास चालतं. आणखी एक गोष्ट मला फार सलते. मराठी ख्रिस्ती इतिहास सांगायला बसलो की आपण रेव्हरंड ना. वा. टिळक, पंडिता रमाबाई, बाबा पदमनजी, नीळकंठशास्त्री गोऱ्हे ही नावं घेतो. ती थोर माणसं होती, त्यांचं ऋण मोठं आहे. पण अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून काम केलं आणि पुढे ज्यांच्यामुळे त्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या मंडळ्या भरल्या, ते बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरचे होते. त्यांच्यातली किती नावं आपण आपल्या मुलांना सांगतो?

हे सगळं मी चर्चच्या शत्रूंच्या तोंडचं सांगत नाही. कलकत्त्याचे बिशप डॅनिअल विल्सन यांनी १८३३ मध्येच परिपत्रक काढून चर्चमधला जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडायला सांगितलं होतं. त्यावरून तंजावरकडच्या मंडळ्यांत बंडाळी माजली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००३ मध्ये तमिळनाडूच्या बिशपांसमोर जातीय पूर्वग्रहाचा स्पष्ट निषेध केला. २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले ते २०२२ मध्ये, आणि ते पहिले दलित कार्डिनल. जात नसती तर हे धोरण कशासाठी, आणि ‘पहिले’ म्हणायला इतका काळ का लागावा?

‘अनुसूचित जात म्हणजे हिंदूच.’

ही रेघ कुठून आली ते नीट पाहावं. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा मानता येणार नाही असं लिहिलं. पंजाबातल्या काही शीख जातींचा तेवढा अपवाद होता. घटनेच्या ३४१व्या कलमात धर्माची अट नाही, ती आली या आदेशातून. १९५६ मध्ये त्यात शीख आले आणि १९९० मध्ये बौद्ध.

आता ‘ज्या धर्मात जात नाही त्याला सवलत नाही’ हा न्याय लावून बघा. शीख गुरूंनी जात नाकारली, लंगरात सगळ्यांना एका पंगतीला बसवलं. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरला धम्म स्वीकारला तो जातीची बेडी तोडण्यासाठीच. तरी कायद्याने ओळखलं की धर्म बदलला म्हणून गावाची नजर बदलत नाही. बौद्ध आणि शीख बांधवांना हा दर्जा मिळाला हे शंभर टक्के योग्य झालं. त्याच गावात, त्याच वस्तीत, भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या सख्ख्या चुलतभावाने येशूचं नाव घेतलं तर त्याच्यापुरती तीच नजर बदलते, असं मानायला आधार कुठला?

आदिवासी ख्रिस्त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळतो, हा मुद्दा आमचे बरेच लोक इथे आणतात. मी तो वापरत नाही. जमातीचा निकष अस्पृश्यता नाही, त्यामुळे ती तुलना लागू पडत नाही.

न्यायालयाने हा प्रश्न झटकून टाकलेला नाही. १९८५ मध्ये मद्रासच्या एका ख्रिस्ती चर्मकाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. रस्त्यावर बसणाऱ्या चर्मकारांना सरकार टपऱ्या देत होतं आणि ख्रिस्ती म्हणून त्याला वगळलं होतं. न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल दिला, पण धर्मांतरानंतर जात पुसलीच जाते असं म्हटलं नाही. नव्या धर्मातही मागासलेपण तितक्याच तीव्रतेने टिकून आहे हे दाखवा, असं म्हटलं. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये हा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला गेला. इतकी दशकं आयोग आणि खटले चाललेला प्रश्न ‘शब्दच खोटा’ म्हणून निकालात निघत नाही.

‘यांना दोन्हीकडचं हवं.’

कागदावर हिंदू आणि रविवारी चर्चमध्ये, असं जगणारी घरं आहेत. मी ते लपवत नाही. शाळेच्या दाखल्यावर एक आणि मंडळीच्या नोंदवहीत दुसरं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा दाव्याला घटनेशी केलेली लबाडी म्हटलं, आणि मेसेजवाल्यांना नवा दाखला मिळाला. पण हे खोटं जन्माला कोणी घातलं? मुलीची शिष्यवृत्ती की बाप्तिस्म्याची नोंद, असं निवडायला ज्या बापाला लावलं, तो चैनीसाठी दोन घरं करत नाही. धर्माची अट उठली तर हा लपंडाव त्याच दिवशी संपेल. ज्यांना खोटं खरंच खुपतं, त्यांनी ही अट उठवण्याच्या बाजूने उभं राहायला हवं.

‘खऱ्या दलितांच्या ताटातलं जाईल.’

या मेसेजमधला हा एकच मुद्दा मला प्रामाणिक वाटतो, कारण तो अनेक बौद्ध आणि हिंदू दलित मित्रांच्या मनात आहे आणि त्यांची भीती पोकळ नाही. आधीच जागा कमी, त्यात वाटेकरी वाढले तर? उत्तर असं, की येणाऱ्यांच्या संख्येइतका टक्का वाढला पाहिजे, आणि तशी मागणी ख्रिस्त्यांनी स्वतःहून केली पाहिजे. पन्नास टक्क्यांची मर्यादा आड येते म्हणावं, तर आर्थिक दुर्बलांसाठीचं दहा टक्के आरक्षण ती ओलांडून गेलं आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेले इतर मागासवर्गात धरले जातात, म्हणजे ते कुठल्या तरी ताटात आजही आहेतच.

आणि नोकऱ्या-जागांपलीकडे एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल मेसेज अवाक्षर काढत नाही : १९८९चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा. जातीवरून शिवी दिली, मारलं, वाळीत टाकलं, तर त्या कायद्याचं संरक्षण अनुसूचित जातीच्या माणसाला मिळतं. ख्रिस्ती दलिताला मिळत नाही. मारणारा बाप्तिस्म्याचा दाखला बघून मारत नाही. हे संरक्षण आणखी एकाला दिल्याने दुसऱ्याचं तसूभर कमी होणार नाही.

‘आमिषाला भुलले.’

दुष्काळात मिशनच्या दारी आलेले लोक होते, हे खरं. भुकेल्याने भाकर देणाऱ्याचा देव विचारला, यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही. पण सरकारी लाभाचं म्हणाल तर हिशेब उलटा आहे. ब्रिटिश सरकारच्या १९३६च्या आदेशातच ‘भारतीय ख्रिस्ती अनुसूचित जातीत धरला जाणार नाही’ असं होतं, आणि ते राज्य स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं होतं. १९३८च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती लोकांसमोर बोलताना बाबासाहेबांनी दोन गोष्टी सुनावल्या : दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते, आणि महारांची मुलं ख्रिस्ती झाली की त्यांची शिष्यवृत्ती जाते. एकाच भाषणात त्यांनी चर्चलाही बोल लावला आणि आमिषाच्या गोष्टीतली हवाही काढून घेतली. तेव्हापासून आजवर अस्पृश्य माणूस ख्रिस्ती होतो तेव्हा सरकारदरबारी तो काहीतरी गमावतोच.

आता आतल्या माणसांसाठी. ‘सामाजिक न्याय हा सुवार्तेचा विषय नव्हे.’

बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात १९८१ मध्ये अरविंद निर्मळ या मराठी धर्मपंडिताने शूद्रांच्या ईश्वरविद्येची मांडणी केली, आणि तिथून दलित ईश्वरविद्या उभी राहिली. त्यांचा आधार कुठल्या परदेशी पुस्तकात नव्हता, बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात होता : आमचा पूर्वज भटका अरामी होता, मिसरी लोकांनी आम्हाला छळलं, आम्ही परमेश्वराचा धावा केला. इस्राएलाचा विश्वास स्वतःच्या छळाची आठवण सांगत सुरू होतो, मग दलित ख्रिस्त्याने आपली आठवण दाराबाहेर ठेवून उपासनेला यावं असं कुठल्या वचनाने सांगता? नासरेथच्या सभास्थानात येशूने वाचायला निवडला तो यशयाचा भाग : दीनांना सुवार्ता, ठेचलेल्यांना मोकळीक.

‘तक्रारीमुळे मंडळीत फूट पडते’ असंही ऐकवलं जातं. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, विधवांची हेळसांड होत होती आणि त्यांच्या लोकांनी उघड कुरकुर केली. बारा प्रेषितांनी त्यांना फुटीर म्हटलं नाही, प्रार्थना करा आणि गप्प बसा असंही सांगितलं नाही. सगळी मंडळी बोलावली आणि सात जण निवडले. स्तेफन, फिलिप आणि पुढचे पाच, सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप दिलं गेलं.

आपल्या मंडळीची पंचकमिटी, मिशनच्या शाळेची आणि हॉस्पिटलची विश्वस्त मंडळं, सिनॉडला (चर्चच्या वरच्या सभेला) जाणारे प्रतिनिधी, बायबल कॉलेजला पाठवायची मुलं-मुली, दफनभूमीच्या नोंदी : या पाच याद्या समोर ठेवा आणि कोणाची घरं त्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, कोणाची कधीच नव्हती, ते पुढच्या वार्षिक सभेत मोठ्याने वाचा. महार-मांग घरांमधल्या सोयरिकीला पाळकाने वेदीवरून आशीर्वाद द्यावा आणि पंचांनी त्या लग्नाला हजर राहावं. धर्माची अट उठवण्याच्या निवेदनावर मंडळीचा शिक्का असावा, आणि त्यात टक्का वाढवण्याची मागणीही लिहिलेली असावी.