झाकण धड बसत नसेल तर तो स्मोकर कसला?

स्मोकर म्हणजे कोळशाच्या मंद धगीवर आणि धुरावर मांस शिजवायचं पिंप. माझ्या स्मोकरमध्ये मांस ठेवून सात तास झाले. मांस आतून अजून 68 अंशांवर आहे आणि माझं डोकं भणभणतंय.

68 वर अडकल्याबद्दल मी मांसाला दोष देत नाही. मोठा तुकडा मंद धगीवर ठेवला की वरचं पाणी उडत राहतं, घाम सुकताना अंग गार पडतं तसं तेही गार पडतं, आणि 65-70 च्या आसपास पारा तासन् तास हलत नाही. तेवढं थांबायची माझी तयारी असते. संताप येतो तो या पत्र्याच्या पिंपाचा, ज्यात धग एका जागी धरताच येत नाही!

कोळशाच्या स्मोकरला गॅससारखं बटण नसतं. सगळा कारभार हवेवर. खालची झडप उघडली की निखारे फुलतात, मिटली की मंदावतात. म्हणून हवा फक्त झडपेतूनच आत यायला हवी, एवढी एकच गोष्ट बनवणाऱ्याने सांभाळायची असते. माझ्या पिंपाचं झाकण एका कोपऱ्यात करंगळी जाईल एवढं उघडं राहतं. बाजूच्या कोळशाच्या पेटीचं दार पहिल्याच पेटवणीत वाकलं, इतका पातळ पत्रा. झडप गच्च मिटली तरी वाऱ्याची झुळूक आली की निखारे लालभडक, वारा पडला की मलूल. वैतागून धुराडं अर्धं मिटलं, तर धूर आतच कोंडला. पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा. तो मांसावर बसला की कडवट चव येते आणि ती काही केल्या जात नाही. चांगला धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा असतो. तो या पिंपातून मला आजवर सलग तासभरही मिळालेला नाही.

आणि झाकणावरची ती तापमानाची तबकडी! ती 110 दाखवत होती. मी जाळीवर वेगळा थर्मामीटर ठेवला, तर पेटीच्या बाजूला 160 आणि दुसऱ्या टोकाला 95. मांस जाळीवर शिजतं, मग मोजमाप झाकणाच्या टोकाला कशासाठी? बघायला झाकण उघडावं तर आणखी नुकसान. आतली ऊब जातेच, वर निखाऱ्यांना भसाभस हवा मिळते आणि झाकण लावल्यावर पारा उसळतो.

मला कोळसा सोडायचा नाही, हे आधीच सांगतो. चरबी निखाऱ्यावर टपकून चर्र होते आणि जो धूर वर येतो, ती चव गॅसवर येत नाही. शेवटी धगधगत्या निखाऱ्यांवर दोन मिनिटं धरलं की वरून जी खरपूस कड येते, तिच्यासाठी मी पहाटे उठतो. कोळसा फुलायला वीस मिनिटं लागतात, हात काळे होतात, राख उपसावी लागते, पाऊस आला तरी शेगडी घरात नेता येत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. हे सगळं कबूल. ते कोळशाचे तोटे आहेत, आणि ते मी आनंदाने सोसतो. फटी राहणं हा कोळशाचा तोटा नाही. ती कामचुकारी आहे.

तिची झळ सगळं संपल्यावरही बसते. बंदिस्त शेगडीत झडपा मिटल्या की निखारे गुदमरून विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. माझ्याकडे दुसऱ्या दिवशी उरते ती फक्त राख. दर वेळी.

वर सल्ला काय मिळतो? कडेने उष्णता सोसणारी दोरी चिकटवा, दाराला पट्टी मारा, तबकडी काढून दुसरी बसवा. का म्हणून? पूर्ण वस्तूचे पैसे घेतलेत ना? मग उरलेलं काम मी का करायचं? विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, सुरुवातीला सगळ्यांचेच गळतात, काजळी बसली की फटी आपोआप बुजतात. करंगळीएवढी फट काजळीने कधी बुजणार?

आत्ता झाकणावर दोन विटा ठेवल्यात. वारा पुन्हा सुटलाय, आणि मांस अजून 68 वरच आहे.