‘उशिरा आणले’

पावसाळा लागला की मेळघाटावरचा तोच मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो चार ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा : ‘सरकारने दवाखाने दिले, अँब्युलन्स फुकट दिली, तरी तिथल्या आया लेकरू आजारी पडलं की भूमकाकडेच (गावच्या वैदूकडेच) नेतात. त्यांना आजार कळत नाही. दाखल केलं तर पळून जातात.’ मेळघाटातल्याच धारणी तालुक्यात मी काही वर्षं नर्स म्हणून काढली आहेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी ते ‘कळत नाही’चं बघू. न्यूमोनिया ओळखायला आम्हाला श्वास मोजायला शिकवतात. मिनिटाला दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. छाती आत ओढली जाते का, ते पाहायचं. अंगावर पितं का, ते विचारायचं. हा शेवटचा प्रश्न मला फारसा विचारावाच लागला नाही. बाळ टेबलावर ठेवायच्या आधीच आई म्हणायची, "बाई, ये दूध नहीं पीता." (इथला कोरकू आदिवासी माणूस दवाखान्यात हिंदीत बोलतो. मराठी त्याला बरेचदा तुमच्या-आमच्यापुरतीच.) बाळाने पिणं सोडलं हे आमच्या तक्त्यात धोक्याचं लक्षण आहे. तिला ते रात्रीच कळलेलं असतं. तिची छाती दुधाने दाटून दगड झालेली, लुगडं पुढून ओलं.

आता भूमका. डंबा, म्हणजे त्याचा डागण्याचा उपचार, मी पाहिला आहे. तापल्या लोखंडाचे चटके, एवढ्याशा पोटावर ओळीने उठलेले. त्याचं समर्थन कोणी करू नये, मीही करत नाही. पण तेच पोट उघडं करताना लुगड्याच्या गाठीतून अर्धवट संपलेली तापाच्या औषधाची बाटलीही निघायची. म्हणजे बाई दोन्हीकडे जाऊन आलेली असते. ‘भूमका की दवाखाना’ हा प्रश्न आपला आहे, तिचा नाही. भूमका गावात असतो, रात्री दोनला हाक मारली तर उठतो, तिच्या भाषेत बोलतो. त्या वेळी उपकेंद्राला कुलूप असतं.

हे कुलूप नसेल तर काय होतं, तेही आपल्याकडे करून पाहिलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत तिथल्याच बायकांना श्वास मोजायला, बाळाला ऊब द्यायला, गरज पडली तर अँटिबायोटिकचं इंजेक्शन टोचायला शिकवलं. नवजात बालकांचा मृत्युदर हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. त्या गावांत आया काही दुसऱ्या आणून बसवल्या नव्हत्या.

अँब्युलन्स फुकट आहे, खरं आहे. १०८ आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, आणि ज्यांना ती वेळेत मिळाली त्यांची लेकरं वाचलेली मी पाहिली आहेत. पण फोन लागायला रेंज लागते. काही गावांत त्यासाठी टेकडीवर चढावं लागतं, आणि तेही घरात फोन असेल तर, तो नवऱ्याच्या खिशात कामावर गेला नसेल तर. मधला नाला भरला की गाडी अलीकडे आणि बाळ पलीकडे. धारणीहून अमरावती घाटातून दीडशे किलोमीटरच्या घरात येते.

आणि समजा आई दवाखान्यात पोहोचली. सात महिन्यांची एक पोर आठवते. आईने तिला पहिल्यांदा आणलं तेव्हा गर्दी होती. कोणी श्वास मोजले नाहीत, सिरप देऊन घरी पाठवलं. दुसऱ्यांदा आणलं तो रविवार होता, डॉक्टर नव्हते. तिसऱ्यांदा आणलं तेव्हा पोर निळी पडत चालली होती, पुढे पाठवताना केसपेपरवर लिहिलं गेलं : ‘उशिरा आणले’. अक्षर माझं होतं. साहेबांनी सांगितलं, मी लिहिलं. आधीच्या दोन चिठ्ठ्या त्या बाईच्या हातात होत्या, घामाने मऊ झालेल्या. त्या केसपेपरला जोडाव्यात असं मलाही सुचलं नाही. ‘पालकांचा निष्काळजीपणा’ ज्या आकड्यांतून सिद्ध करतात, ते आकडे अशा कागदांवरून बनतात.

पळून जाण्याचं म्हणाल तर कुपोषित लेकराला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण चौदा दिवस ठेवतात. आईची मजुरी बुडते म्हणून पैसेही देतात. मात्र ते नंतर हातात पडतात, आणि घरी राहिलेल्या दुसऱ्या दोन पोरांना रात्री कोण जेवू घालणार, हे त्या फॉर्मवर विचारलेलं नसतं. एक बाई पाचव्या दिवशी निघाली तेव्हा मी दारात अडवून रागावले होते. ती म्हणाली, "बाई, तू चल मेरे घर. दो दिन पका दे, मैं यहीं रहती."