मॉक ड्राफ्ट म्हणजे चिठ्ठ्या टाकणं नव्हे

एप्रिल २०२५ मध्ये एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत) कोलोराडो विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, शेडूर सँडर्स पहिल्या फेरीत जाईल असे अंदाज असताना पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्या शनिवारपासून एक मजकूर फिरतो आहे. मूळ इंग्रजीत त्याची अनेक रूपं आहेत. ओहायोतल्या आमच्या मराठी ग्रुपवर तो मराठीतून येतो, आणि येईल तेव्हा त्याच्याखाली अंगठे उमटत जातात. मजकुराचा सारांश असा: एनएफएलचे संघ कॉलेजमधले कोणते खेळाडू घेणार याचे अंदाज, म्हणजे मॉक ड्राफ्ट, हे निव्वळ अंदाजपंचे दाहोदरसे आहेत. तज्ज्ञांनी चिठ्ठ्या टाकल्या तरी तेवढंच जमेल. फार उशिरा निवडले जाऊनही नाव काढणारे क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी आणि ब्रॉक पर्डी यांनी ते आधीच दाखवून दिलं होतं, सँडर्सनं शिक्कामोर्तब केलं. संघ मुद्दाम खोट्या बातम्या सोडतात, त्यामुळे आतल्या खबरींना काही किंमत नाही. तेव्हा हे काम आता संगणकाला द्यावं.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मला खटकतं. अंदाज बांधणारी माणसं सप्टेंबरपासून सामन्यांच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहतात, करारांचे आकडे चाळतात, प्रशिक्षकांशी बोलतात. त्यांचं चुकतं, खूप चुकतं. पण कुठे चुकतं आणि का चुकतं हे न पाहता सगळ्यावर बोळा फिरवणं हा त्या मेहनतीवर अन्याय आहे.

जे हा खेळ पाहत नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: इथे आयपीएलसारखा लिलाव नसतो. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि आदल्या मोसमात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली निवड. संघ आपले क्रमांक एकमेकांशी बदलू शकतात, ऐन निवडीच्या रात्रीसुद्धा. २०२५ मध्ये असे २५७ खेळाडू निवडले गेले. मॉक ड्राफ्टवाले त्यातल्या पहिल्या ३२ जणांची यादी संघांसकट आधी लिहून देतात.

आता चिठ्ठ्यांचं बघू. खरंच टाकून पाहा. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडियानापोलिसला जी चाचणी होते तिला तीनशेहून जास्त खेळाडू बोलावले जातात. आपण ३०० धरू. या तीनशेंतून डोळे मिटून ३२ चिठ्ठ्या उचलल्या तर पहिल्या फेरीत खरोखर गेलेली सरासरी तीन-साडेतीन नावं हाती लागतील. आणि अमुक क्रमांकावर अमुक संघ अमुक खेळाडू घेईल अशी जोडी? त्याच हिशेबानं नऊ-दहा वर्षांत एखादी जुळेल. २०२४ मध्ये केलेब विल्यम्स शिकागोकडे, जेडन डॅनियल्स वॉशिंग्टनकडे आणि मार्विन हॅरिसन ज्युनियर अॅरिझोनाकडे, एवढ्या तीन जोड्या तर कितीतरी जणांच्या अंतिम याद्यांमध्ये होत्या. चिठ्ठ्यांना त्यासाठी पाव शतकाहून जास्त काळ लागला असता.

यावर उत्तर येतं की वरची नावं कुणालाही माहीत असतात. माहीत असतात, पण एप्रिलमध्ये, आणि ती माहीत होतात याच लोकांमुळे. २०२२ मध्ये कित्येक महिने पहिलं नाव मिशिगनच्या एडन हचिन्सनचं होतं. शेवटच्या दिवसांत अंदाज जॉर्जियाच्या ट्रॅव्हॉन वॉकरकडे वळले, आणि जॅक्सनव्हिलनं वॉकरलाच घेतलं. कॉलेजातली कामगिरी आकड्यांत पाहिली तर हचिन्सनच पुढे होता. वॉकरचं नाव वर आणायला जॅक्सनव्हिलचे लोक खेळाडूत काय शोधतात हे ठाऊक असावं लागतं.

अंदाज दोन प्रकारचे असतात हे मजकूर लिहिणाऱ्यानं लक्षात घेतलेलं नाही. पहिल्या फेरीत कोण जाणार, हा एक प्रश्न. कोण कुठे जाणार, हा दुसरा. हडल रिपोर्ट नावाची एक साइट या याद्या तपासते. पहिल्या फेरीतलं नाव बरोबर आलं तर एक गुण, संघही जुळला तर आणखी दोन. बत्तीस त्रिक शहाण्णव. या ९६ च्या आसपास कधी कुणी फिरकलेलं नाही, पण गुण कुठे जातात ते पाहा: नावांचे बरेचसे मिळतात, संघांचे बुडतात.

संघांचे का बुडतात, याला २०२४ चा अटलांटा हे माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण आहे. त्या मार्चमध्ये अटलांटानं क्वार्टरबॅक कर्क कझिन्सशी चार वर्षांचा, १८ कोटी डॉलरचा करार केला होता. क्वार्टरबॅकचा प्रश्न मिटला असं सगळ्यांनी धरलं आणि आठव्या क्रमांकावर अलाबामाचा बचावपटू डॅलस टर्नर त्यांच्याकडे जाईल असं बऱ्याच जणांनी लिहिलं. अटलांटानं घेतला मायकेल पेनिक्स, म्हणजे पुन्हा क्वार्टरबॅकच. पुढे काय झालं? त्या वर्षी पहिले चौदाच्या चौदा खेळाडू आक्रमणाचे निघाले, तो विक्रम झाला. पहिला बचावपटू पंधराव्या क्रमांकावर इंडियानापोलिसनं घेतला, लायाटू लाटू. टर्नर सतराव्यावर मिनेसोटाकडे गेला, तेही मिनेसोटानं जॅक्सनव्हिलशी क्रमांकांचा सौदा करून वर येऊन घेतलं म्हणून. आठव्या जागी एक अंदाज हुकला की खालच्या जागांचं गणित विस्कटतं. टर्नर पहिल्या फेरीत जाईल हे बरोबरच होतं. चुकला तो पत्ता. या दोन चुका एकाच मापानं मोजणाऱ्याला मी काय सांगू?

आता सँडर्स. इथे मी पळवाट काढणार नाही. हा अंदाज चुकला, आणि साफ चुकला. ईएसपीएनवर १९८४ पासून ड्राफ्टवर बोलणारे मेल कायपर यांनी त्याला आपल्या यादीत अगदी वरच्या काही नावांत ठेवलं होतं. तो खाली खाली जात राहिला तसे ते कॅमेऱ्यासमोर संतापत गेले. ते दृश्य अजूनही त्या मजकुरासोबत फिरतं. पण कायपर यांची ती यादी मॉक ड्राफ्ट नव्हती. कोण किती चांगला आहे याचं ते त्यांचं स्वतःचं मत होतं. संघ काय करतील याच्या याद्यांमध्ये सँडर्स जानेवारीपासूनच घसरत होता. वर्षाच्या सुरुवातीला पहिल्या तिघांत लिहिलेलं नाव एप्रिलमध्ये अनेकांनी पार पिट्सबर्गच्या २१ व्या क्रमांकापर्यंत खाली आणलं होतं. दिशा बरोबर ओळखली होती. खोली कुणालाच कळली नाही.

ती का कळली नाही हे समजून घेण्यासारखं आहे, कारण क्वार्टरबॅक हळूहळू घसरत नाही, कड्यावरून पडतो. चांगला बचावपटू दहाव्या जागी राहिला तर अकराव्याला कुणीतरी घेतोच, कारण तसे खेळाडू प्रत्येक संघाला चार-पाच लागतात. क्वार्टरबॅक मैदानावर एकच असतो. एखाद्या वर्षी ती जागा रिकामी असलेले संघ मोजून चार-पाच असतात. त्यांनी नाही म्हटलं की पुढचा इच्छुक कुठे असेल ते देवाला ठाऊक. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं पहिल्या क्रमांकावर अॅलेक्स स्मिथ घेतला आणि आरॉन रॉजर्स थेट २४ व्या क्रमांकापर्यंत बसून राहिला. २०२२ मध्ये मलिक विलिस पहिल्या फेरीतला म्हणत होते, तो ८६ वा गेला. २०२५ मध्ये टेनेसीनं पहिला कॅम वॉर्ड घेतला. न्यूयॉर्क जायंट्सनी वर येऊन २५ वा जॅक्सन डार्ट घेतला. पिट्सबर्गनं २१ व्या क्रमांकावर क्वार्टरबॅक घेतलाच नाही. न्यू ऑर्लिन्सनं दुसऱ्या फेरीत टायलर शक निवडला. तिसऱ्या फेरीत सिअॅटलनं जेलन मिल्रो आणि क्लीव्हलँडनं डिलन गेब्रियल घेतला. दारं एकेक करून बंद झाली. शेवटी ज्या क्लीव्हलँडनं आधीच एक क्वार्टरबॅक घेतला होता त्यांनीच सँडर्सला घेतलं, त्या ड्राफ्टमधला सहावा क्वार्टरबॅक म्हणून.

म्हणून क्वार्टरबॅकच्या नावापुढे एकच क्रमांक लिहिणं चुकीचं आहे, असं माझं ठाम मत आहे. ‘बहुधा विसाव्याच्या आसपास, नाहीतर फार खाली’ असं लिहायला हवं. यादीच्या चौकटीत ते बसत नाही. दोष चौकटीचा आहे, तो तज्ज्ञांनी मान्य करावा. पण या एका घटनेवरून सगळ्या ३२ जागांचा निकाल लावणं म्हणजे खडा लागला म्हणून पातेलंभर भात फेकणं.

ब्रेडी आणि पर्डी यांची नावं ज्यानं या मजकुरात घातली त्यानं तर विषयच बदलला. ब्रेडी २००० साली १९९ वा निवडला गेला आणि सात सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकला. पर्डी २०२२ चा शेवटचा, २६२ वा, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला घेऊन सुपर बोलच्या मैदानात उतरला. यात मॉक ड्राफ्ट कुठे चुकला? ब्रेडीला पहिल्या फेरीत कुणी घेणार नाही असंच अंदाज म्हणत होते, आणि कुणीही घेतलं नाही. चुकले ते संघ.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. २००८ मध्ये आयपीएलनं एकोणीस वर्षांखालच्या खेळाडूंसाठी लिलाव न करता असाच ड्राफ्ट केला होता. दिल्लीला विराट कोहली घेता येत होता. सेहवाग, गंभीर हाताशी होते, त्यांना गोलंदाज हवा होता, म्हणून त्यांनी प्रदीप संगवान घेतला आणि कोहली बंगळूरला गेला. दिल्लीची गरज ओळखून कुणी त्या दिवशी ‘संगवान’ लिहिलं असतं तर त्याचा अंदाज शंभर टक्के बरोबर ठरला असता. कोहली पुढे काय झाला त्यानं त्या अंदाजाला धक्का लागत नाही.

संघ स्वतः किती चुकतात याचा अभ्यासही झाला आहे. केड मॅसी आणि २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडल्या गेलेल्या खेळाडूंच्या जोड्या तपासल्या. आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघण्याचं प्रमाण जेमतेम ५२ टक्के भरलं. ज्याला चिठ्ठ्या टाकणं म्हणायचं आहे त्यानं ते संघांना म्हणावं. आणि सॅन फ्रान्सिस्कोलाच पाहा. पर्डीच्या एक वर्ष आधी, २०२१ मध्ये, त्यांनी पहिल्या फेरीच्या तीन निवडी देऊन बाराव्यावरून तिसऱ्या क्रमांकावर उडी मारली आणि ट्रे लान्स घेतला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याला डॅलसला देऊन टाकलं.

तोच लान्स मला खोट्या बातम्यांच्या मुद्द्याकडे आणतो. या मुद्द्यात तथ्य आहे. संघ दिशाभूल करतात. २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर अलाबामाचा मॅक जोन्स जाणार असं मोठमोठे वार्ताहर शेवटपर्यंत सांगत होते. तो पंधरावा गेला, न्यू इंग्लंडकडे. पण त्यातही एक गोष्ट सगळ्यांनी बरोबर सांगितली होती: सॅन फ्रान्सिस्को क्वार्टरबॅक घेणार. तोंडानं काहीही सांगता येतं, तीन निवडी देऊन केलेला सौदा लपवता येत नाही. कुणाचा करार संपतोय, कुणाचा गुडघा गेलाय, कोणता खेळाडू भेटीला बोलावला, हे सगळं उघड्यावर असतं. संघाला स्वतःकडे प्रत्यक्ष बोलावता येणाऱ्या खेळाडूंचा आकडासुद्धा ठरलेला आहे, प्रत्येक संघाला तीस. त्यामुळे तीसातली एक जागा नुसत्या हुलकावणीवर घालवणं महाग पडतं.

आणि अफवांना नेहमी तज्ज्ञच भुलतात असंही नाही. २०२३ मध्ये रेडिटवर एका अनामिकानं लिहिलं की केंटकीचा विल लेव्हिस आपण पहिले निवडले जाणार असं घरच्यांना सांगतो आहे. तेवढ्यावर सट्ट्याचे भाव उलटेपालटे झाले. मॉक ड्राफ्टवाले मात्र बहुतेक सगळे ब्राइस यंगवर ठाम राहिले. कॅरोलिनानं यंगच घेतला, लेव्हिस पहिल्या फेरीतही गेला नाही, ३३ वा गेला. पैसे बुडाले ते सट्टा लावणाऱ्यांचे.

संगणकाबद्दल थोडक्यात. त्याला काय देणार? धावण्याची वेळ? २०१७ मध्ये जॉन रॉस ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावला आणि सिनसिनाटीनं त्याला नववा घेतला. २०२४ मध्ये झेव्हियर वर्दी ४.२१ मध्ये धावला, तो विक्रम होता, आणि गेला २८ वा, कॅन्सस सिटीकडे. दोघेही चेंडू झेलणारे. फरक कशानं पडला ते उंची-वजनात, वैद्यकीय फायलीत, मुलाखतीत आणि त्या वर्षी आणखी कोण कोण होतं त्यात आहे, आणि त्यातल्या फायली व मुलाखती बाहेर येत नाहीत. शिवाय वर्षाला पहिल्या फेरीत निवडी फक्त ३२. शिकायला सामग्री ती किती? संगणकाचा उपयोग आहे, आणि मोठा आहे, पण तो शेकडो मॉक ड्राफ्ट एकत्र करून कोणतं नाव चढतंय, कोणतं उतरतंय हे दाखवण्यात. म्हणजे त्याला खायलाही त्याच तज्ज्ञांच्या याद्या लागतात.

एका बाबतीत मी मजकुराच्या बाजूनं आहे. एक ड्राफ्ट संपला की दुसऱ्याच दिवशी पुढच्या वर्षीच्या याद्या छापून येतात. त्यांना अंदाज म्हणू नये. जानेवारी २०२४ मध्ये कॅम वॉर्डनं आपलं नाव त्या वर्षीच्या ड्राफ्टसाठी दिलं होतं, मग मागे घेतलं आणि आणखी एक मोसम खेळायला तो मायामी विद्यापीठात गेला. तेव्हा पहिल्या फेरीत त्याचं नाव कुणी लिहीत नव्हतं. पंधरा महिन्यांनी तो पहिला निवडला गेला. पुढच्या वेळी कुणाला चुकलेल्या यादीचा फोटो फिरवायचा असेल तर त्यावर तारीख कोणती आहे, एवढं आधी पाहा.