भावी खासदारांशी मध्यमवर्गाचा संवाद

एरवी आमची सोसायटी म्हणजे नुसते 'रहिवासी'. निवडणुकीचा वास लागला की आम्ही 'सुजाण नागरिक' होतो. लोकसभेला अजून अवकाश आहे, पण चौकातल्या फलकावर 'भावी खासदार' केव्हाच झळकलेत. त्यांनी 'मध्यमवर्ग आणि अर्थकारण' या विषयावर संवाद ठेवला आणि सेक्रेटरींनी प्रत्येक फ्लॅटमागे एक माणूस सक्तीचा केला. आमच्या घरातून माझी निवड झाली. बिनविरोध.

साहेब उशिरा आले, आम्ही वेळेवर. मध्यमवर्ग ओळखायला ही एक खूण पुरे, कारण सरकारदरबारी त्याची नेमकी व्याख्या नाहीच. वर्षाला ५ लाख कमावणाराही स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवतो आणि ५० लाखवालाही. ५० लाखांच्या पुढे प्राप्तिकरावर अधिभार लागतो, त्यामुळे तो जरा जास्तच कळवळून म्हणतो.

"मध्यमवर्ग हा देशाचा कणा आहे!" टाळ्या. भार कण्यावरच येतो हे टाळ्या वाजवताना कुणाच्या लक्षात येत नाही. मीही वाजवल्या, शेजारचे बघत होते.

मग साहेब २०२५च्या अर्थसंकल्पाकडे वळले. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नाही, हे ऐतिहासिक आहे म्हणाले. महागाईपुढे ते काहीच नाही, असंही म्हणाले. नक्की कोणत्या पक्षाचे, हे ठरवायला मला त्यांच्या उपरण्याचा रंग पाहावा लागला.

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी फाइल घेऊन उठले. सभागृहात एक अनुभवी उसासा पसरला. "बचतीवर करवजावट देणाऱ्या ८०सी कलमाची दीड लाखाची मर्यादा २०१४ पासून तिथेच आहे. नव्या प्रणालीत तर ती वजावटच नाही. मग पीपीएफमध्ये इमानेइतबारे पैसे भरणाऱ्याने काय करायचं?"

"काका, फार छान प्रश्न विचारलात," साहेब म्हणाले, आणि समोरच्या तुंबलेल्या गटाराबद्दल बोलू लागले. कर हा संसदेचा विषय, गटार महापालिकेचं. पण खासदारकीच्या इच्छुकाला गटारच जवळचं वाटलं. प्रश्न 'छान' ठरला की त्याचं उत्तर मिळत नसतं.

माइक फिरत माझ्याकडे आला. नको म्हणायला गेलो तर सेक्रेटरींनी डोळे वटारले. पगाराच्या पावतीवर वर्षानुवर्षं सलणारी एकच गोष्ट तोंडातून निघाली: "साहेब, व्यवसाय कर दरमहा २०० रुपये कापतात आणि फेब्रुवारीत ३००. सगळ्यांत छोट्या महिन्याला जास्त कर का?"

साहेबांनी पीएकडे पाहिलं, पीएने मोबाइलकडे. "फेब्रुवारीवर अन्याय होऊ देणार नाही!"

बँकवाले काका बसल्या जागेवरून म्हणाले, "अहो, घटनेच्या २७६व्या कलमात या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा आहे. १९८८च्या घटनादुरुस्तीने ती २५० वरून इतकी केली. बारा महिन्यांचे २०० म्हणजे २,४००. उरलेले शंभर फेब्रुवारीत वसूल करतात, इतकंच."

साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच तेज आलं. धोरण म्हणावं असं काहीतरी अखेर हाती लागलं होतं. "म्हणजे १९८८ पासून मध्यमवर्गाची मर्यादा वाढलेलीच नाही?" ते गरजले. "मला दिल्लीला पाठवा, ही २,५०० ची मर्यादा मी दुप्पट करून दाखवतो!"

त्या संध्याकाळी सगळ्यांत जोरदार टाळ्या या वाक्याला पडल्या.